तीन ते सहाची रीडिंगं

मी आधीच सांगून टाकते, मला स्वतःविषयी बरं मत आहे. पेणला गेली कित्येक वर्षं मी मुलांना सी लँग्वेज शिकवते. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलाला फाइल उघडून नीट बंद करता येत नाही असं कोणी दाखवून द्यावं, मी क्लासला टाळं लावीन. मुलं मला खाष्ट म्हणतात, आणि त्यांना वाटतं की ते माझ्या कानावर येत नाही. हमरापूरकडची मुलं येतात, नखांत मूर्तींचा रंग तसाच असतो, ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावतात की बाईंना एक वेळ प्रोग्राम चुकलेला चालेल, पण फाइल उघडी टाकलेली चालणार नाही. बरोबर सांगतात. फाइल उघडणारं एफओपन लिहून कोणी ती बंद करणारं एफक्लोज विसरलं की मी त्या उत्तराचे सगळे मार्क कापते. अर्धेबिर्धे नाही, सगळे.

दर वर्षी एक तरी हुशार मुलगा वाद घालतो. "बाई, प्रोग्राम संपला की फाइल आपोआप बंद होतेच ना?" होते. पुस्तकातही तसंच आहे. "आणि प्रोग्राम संपायच्या आधीच लाइट गेली तर?" असं मी विचारते. मग तो डोकं खाजवतो आणि मी फळ्याकडे वळते. पुढची हकिकत मी वर्गात कधी सांगितलेली नाही, कारण तिच्यात मी फारशी शोभत नाही.

लहानपणी मी उघडलेलं काहीही बंद न करणारी म्हणून प्रसिद्ध होते. आमच्या घरी मूर्तींचं काम चाले आणि माझ्यामागे रंगाच्या डब्यांची झाकणं लावत फिरणं हे आईचं वेगळं कामच होऊन बसलं होतं. कपाट उघडं, छत्री उघडी, नळ सुरू. आई म्हणायची, हिच्या सासरी माणसं वाऱ्यानं उडून जातील. मला ते बोलणं लागत नसे. डोकं चालत असलं की हात विसरतात, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी पनवेलला कॉम्प्युटरचा कोर्स केला, वर्गात पहिली आले, आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कंपनीत मला नोकरी लागली. तिथे कॉम्प्युटर नावाची वस्तू एकच, आणि ती हाताळणारी मीही एकटीच. सकाळी पेणहून पॅसेंजर धरायची आणि रोह्याला उतरायचं. वाटेत नागोठण्यानंतर निडी लागे. तिथे आमच्या कंपनीतले एक जुने ऑपरेटर चढत. घरची भातशेती, पावसाळ्यानंतर वाल, आणि उरलेल्या आयुष्यात कंपनी. त्यांची जनरल, म्हणजे नऊची शिफ्ट असली की आमची गाठ गाडीत पडे. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला आधी मॅडम म्हणाले, दोनच दिवसांत बाय म्हणू लागले. हातातल्या पिशवीत डब्याशेजारी हमखास काही तरी असे, वालाच्या शेंगा, काकडी, कधी नुसती अळूची पानं, आणि त्यातलं थोडं माझ्या पिशवीत येई.

कंपनीत कापडाच्या रंगासाठी लागणारी एक पावडर बनायची. मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे रिॲक्टरमध्ये, माल शिजायचा आणि दर अर्ध्या तासाला ऑपरेटरनं तापमान, दाब आणि पाण्याची नोंद करायची. याला सगळे रीडिंग म्हणत. ती रीडिंगं एका जाडजूड वहीत लिहिली जात. मोठ्या साहेबांना ते कॉम्प्युटरवर हवं होतं. मुंबईच्या ऑफिसातून कोणी आलं की वही दाखवायची त्यांना लाज वाटे, तिला तेलाचे डाग आणि चहाची वर्तुळं असत.

काम हाती घेतल्यावर मी पहिल्यांदा काकांकडे गेले. वही कशी चालते ते बघावं म्हणून. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही पुस्तकात नव्हती. प्लांट चालू असेपर्यंत वही मिटायची नाही. शिफ्ट बदलली तरी नाही. जाणाऱ्यानं पेन पानावर आडवं ठेवायचं, येणाऱ्यानं ते उचलायचं. वही मिटलेली दिसली की लांबूनच माणसाला कळलं पाहिजे, प्लांट बंद आहे. वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी सगळं थांबवत, तेव्हा वही मिटत. पुन्हा चालू करताना नारळ फोडून, हळदकुंकू वाहून उघडत.

"मिटली का संपला," काका म्हणाले. "चालत्या प्लांटची वही कोणी मिटली ना बाय, तर आमी त्याला शिव्या घालतो."

मला हे फार आवडलं. इतकं आवडलं की मी प्रोग्राम अगदी तसाच लिहिला. प्रोग्राम सुरू झाला की फाइल उघडायची, आणि प्लांट बंद करायची कळ दाबली तरच ती मिटायची. मधल्या काळात रीडिंग येत राहतील, फाइल उघडी राहील. या लोकांची रीत मी यंत्राला शिकवली म्हणून मला केवढा अभिमान वाटला होता. साहेबांनाही मी ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, व्हेरी गुड.

पंधरा दिवस मी चाचणी घेतली. सकाळी नऊला प्रोग्राम सुरू करायचे, ऑपरेटर एकेका बोटानं आकडे टाइप करायचे, आणि संध्याकाळी घरी निघताना मी प्रोग्राम बंद करून कॉम्प्युटरवर कापड टाकायचे. प्रोग्राम बंद होताना फाइलही नीट बंद होई. वही आणि कॉम्प्युटर यांत पंधरा दिवसांत एका आकड्याचा फरक पडला नाही. मी साहेबांना म्हणाले, आता दोन दोन ठिकाणी कशाला लिहायचं?

काका तिथेच उभे होते. ते म्हणाले, "वही असू दे की साहेब. तिचा काय त्रास हाय?"

"काका, तुमचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही का?" मी हसत विचारलं.

"तुझ्यावर हाय," ते म्हणाले. साहेब हसले, मी हसले, आणि वही कपाटात गेली. सोमवारी, शिफ्ट दुपारची असूनही काकांनी सकाळीच येऊन स्वतः कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडू नये म्हणून मी मध्ये फाइलचा पुठ्ठा धरून उभी होते. त्या दिवसापासून प्रोग्राम रात्रंदिवस चालू राहिला.

गुरुवारी संध्याकाळी सहानंतर रोह्याची लाइट गेली. मी तेव्हा पेणला पोचले होते. काकांची दुसरी शिफ्ट होती, तीन ते अकरा. जनरेटर चालू व्हायला काही मिनिटं लागली, तोवर रिॲक्टरमधला ढवळणारा पंखा थांबला, आणि पिवळी व्हायची ती बॅच काळपट झाली. कॉम्प्युटर तर बंदच पडला. त्याला बॅटरीचा आधार देणारं यंत्र मागवलेलं होतं, आलं नव्हतं. काकांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. पुढची रीडिंगं त्यांनी एका रिकाम्या पोत्याच्या लेबलामागे लिहून ठेवली.

शुक्रवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला तर फाइल रिकामी. शून्य. पण मी पहिली आलेली मुलगी. चेकडिस्क नावाची सोय मला माहीत होती. ती चालवली आणि हरवलेला मजकूर दुसऱ्या नावाच्या फाइलीत सापडला. सोमवारपासूनची रीडिंगं ओळीनं होती. शेवटी थोडा कचरा होता, कसलीतरी चिन्हं आणि एक अर्धवट ओळ. मी तो सगळा शेपूटभाग कापून टाकला, छान साफसूफ केलं, छापलं आणि कागद साहेबांपुढे ठेवले. मला वाटलं, मी आज कंपनीला वाचवलं.

साहेबांनी कागद उलटले आणि म्हणाले, "गुरुवारची दुसरी शिफ्ट कुठे आहे?"

नव्हती. तीनपासून सहापर्यंत एकही रीडिंग नव्हतं.

दुपारी तीनला, शिफ्ट बदलताना, साहेबांनी सगळ्यांना रिॲक्टरच्या काट्यांच्या पॅनेलसमोर बोलावलं. जाणारे आणि येणारे मिळून आठ-नऊ जण. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. पंखा थांबण्याआधीच बॅच बिघडली असणार, आणि ऑपरेटरचं लक्ष नव्हतं म्हणून रीडिंग नाही. सहानंतर लेबलावर लिहिता आलं, मग आधीची कुठे आहेत?

"घेतलीत मी," काका म्हणाले. "तीनपासनं सहापर्यंत सात रीडिंगं. या बोटानं टायपलीत. समोर दिसत व्हती."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, यांनी टाइप केलं आणि कॉम्प्युटरनं हरवलं, असं होऊ शकतं का?"

मी एक क्षणही थांबले नाही. ते मला आज सगळ्यात जास्त खुपतं. थोडी थांबले असते, बघून सांगते म्हणाले असते, तर काय बिघडलं असतं? पण मला सगळं येत होतं. मी म्हणाले, "नाही सर. टाइप केलं असतं तर असतं. सोमवारपासूनचं सगळं आहे ना, मग तेवढंच कसं जाईल?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं, आणि कपाटातून जुनी वही काढायला लावली. ती उघडून नव्या पानावर त्यांनी लाल पेनानं लिहिलं की गुरुवारी दुपारी तीन ते सहा ऑपरेटरने रीडिंग घेतलेली नाहीत. खाली सही केली, आणि चौकशी होईपर्यंत रीडिंगं सुट्या कागदांवर घ्या, या पानाला हात लावू नका, असं बजावलं. तोवर काकांनी पिशवी उचलली होती.

त्यानंतर पॅसेंजर निडीला थांबे आणि काका चढत नसत. मला वाईट वाटलं का? वाटलं. शंका आली का? नाही. माणूस थकतो, डुलकी लागते, कबूल करायला लाज वाटते, अशी मी मनाशी त्यांची बाजू घेतली होती, आणि असं मोठ्या मनानं समजून घेतल्याबद्दल मी स्वतःवर खूशही होते. गाडीत बाकीचे बोलत. एक म्हणाला, "झोपला आसंल, शेतातनं सरळ येतो ना." दुसरा म्हणाला, वय झालं. निडीच्या फलाटावरची माणसंही हेच बोलत असणार, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

बुधवारी सकाळी पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर माझ्या टेबलाशी आला. मागच्या गुरुवारी सकाळी तोच प्लांटवर होता. साहेबांनी चौकशीसाठी त्याला त्याच्या शिफ्टचे छापलेले कागद सहीला दिले होते. बोट ठेवून तो म्हणाला, "मॅडम, माजं अडीचचं रीडिंग कुठाय?"

मी पाहिलं. दोन वाजताचं होतं, अडीचचं नव्हतं.

"मी घेतलंय," तो म्हणाला. "काकांच्या ताब्यात देयाच्या आधी घेतलंय. मलाबी घरी बसवनार काय?"

मला एकदम ती अर्धवट ओळ आठवली. मी कापून टाकलेली. तिच्यात वेळ होती, १४:३०. पुढे तापमानाचे दोन आकडे होते आणि मग काही नाही. मी तिला कचरा समजले होते. पण माझ्या प्रोग्राममध्ये अर्धी ओळ लिहिताच येत नाही. सगळे आकडे भरून एंटर दाबल्याशिवाय तो पुढे सरकतच नाही. मग अर्धी ओळ आली कुठून? उत्तर मला माहीत होतं. मी त्यावर परीक्षेत उत्तर लिहून मार्क मिळवले होते.

सी लँग्वेजमध्ये आपण फाइलीत लिहितो ते लगेच डिस्कवर जात नाही. आधी मेमरीत एका जागी साठतं. आमच्याकडे ती जागा पाचशे बारा अक्षरांची होती. ती भरली की तेवढा गठ्ठा एकदम डिस्ककडे रवाना होतो. पेण स्टँडवरची मिनीडोर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, तसंच. आमच्या एका ओळीत साठेक अक्षरं, म्हणजे आठ-साडेआठ ओळींची एक खेप. गुरुवारची शेवटची खेप अडीचच्या ओळीच्या मध्यावर भरली आणि गेली. उरलेली अर्धी ओळ आणि तीनपासून सहापर्यंतची काकांची सातही रीडिंगं पुढच्या खेपेची वाट बघत मेमरीत बसली होती, तेवढ्यात लाइट गेली. फाइल बंद केली की उरलंसुरलं सगळं आपोआप डिस्कवर जातं. मी ती बंद करतच नव्हते. काकांना आकडे समोर दिसत होते, कारण पडदा मेमरीतलं दाखवत होता.

मी खात्री करून घेतली. तसाच प्रोग्राम सुरू केला, सात ओळी टाइप केल्या आणि भिंतीतला प्लग ओढला. पुन्हा कॉम्प्युटर सुरू केला. काही नव्हतं. चेकडिस्कनंही काही सापडलं नाही. तीन वेळा केलं. नंतर प्रोग्राम बदलला. दर रीडिंगला फाइल उघडायची, ओळ लिहायची, फाइल बंद करायची. चार ओळींचा फरक. पुन्हा सात रीडिंगं टाकली, प्लग ओढला. सातच्या सात होती. एवढंसं ते काम होतं, आणि त्यापायी एक माणूस पाच दिवस घरी बसला होता. मला रडू आलं, ते मी बाथरूममध्ये जाऊन उरकलं, तोंड धुतलं आणि साहेबांच्या केबिनचं दार वाजवलं.

साहेबांना ते पटेना. पटेना म्हणजे, पटवून घ्यायचं नव्हतं. मुंबईला रिपोर्ट गेला होता. "मॅडम, तुम्हीच म्हणालात, टाइप केलं असतं तर असतं. आता आठवड्यानं तुम्ही उलट सांगता. मी कशावर विश्वास ठेवू?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हणाले, "माझ्यावर ठेवू नका सर. या माझ्याबरोबर."

त्यांना मी कॉम्प्युटरपुढे बसवलं. जुना प्रोग्राम लावला. म्हटलं, तुम्हीच रीडिंग टाका, तीनपासून सहापर्यंत, तुमच्या हातानं. त्यांनी सात ओळी भरल्या. काकांपेक्षाही हळू टाइप करत होते, ते मी बोलले नाही. दारात दोन-तीन जण जमले. सात ओळी पडद्यावर दिसत होत्या. मी म्हटलं, "नीट बघून घ्या सर, आहेत ना?" ते म्हणाले, आहेत. मी प्लग ओढला. मग कॉम्प्युटर सुरू केला, फाइल उघडून दाखवली आणि विचारलं, "सर, तुमची तीन ते सहाची रीडिंगं कुठे आहेत? घेतली नव्हती का?"

हा उद्धटपणा होता. मला तेव्हाही कळत होतं आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. साहेब उठले आणि म्हणाले, "उद्यापासून त्यांना बोलवा. रिपोर्टचं मी बघतो." माणूस वाईट नव्हता.

त्याच संध्याकाळी मी निडीला उतरले. घर विचारावं लागलं नाही, मी कंपनीचं नाव घेताच फलाटावरच्या एका बाईनं विचारलं, "झोपल्यावरनं घरी बसवलेत, त्यांच्याकडं का?" त्या एका वाक्यानं मला कळलं की मी काय केलं आहे.

काका अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होते. काकू बाहेर आल्या, पाणी दिलं. "ये गो," एवढंच म्हणाल्या आणि काकांशेजारी सोलायला बसल्या. मी बसले आणि न थांबता सगळं सांगितलं. खेप, मेमरी, प्लग, साहेबांची सात रीडिंगं. उद्यापासून कामावर या असा निरोप आहे, तेही सांगितलं. काका सोलतच होते.

"तुज्या मशिनीचं मला काय कळत नाय," शेवटी ते म्हणाले. "म्हंजे मी घेतली व्हती, हे आता तुला म्हाईत हाय."

"हो काका. साहेबांनाही."

"बरं. नोकरी आली. पन तू बोललीस ते नऊ मानसांसमोर बोललीस. टाइप केलं असतं तर असतं. ती नऊ मानसं आपापल्या गावाला गेली. आनि वहीत लाल पेनानं लिवलंय." त्यांनी सालं बाजूला सारली. "मी वीस वर्सं त्या वहीत लिवतोय बाय. माज्या हातचं एक रीडिंग कदी खोटं नाय. ते पान तसंच ऱ्हायलं तर मी येत नाय."

"काका, नोकरी..."

"शेती हाय मला," ते म्हणाले.

काकूंनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते. त्या घरात पगाराची गरज होती, हे बाजारासाठी सोललेल्या शेंगांच्या ढिगाकडे बघूनही कळत होतं. मी म्हटलं, उद्या तीनला या. पान तसं राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलायच्या वेळी मी पॅनेलसमोर उभी होते. काका आले, पिशवी खुंटीला लावली आणि लांबच उभे राहिले. पहिल्या शिफ्टची माणसं निघाली होती, त्यांनाही मी थांबवलं. साहेब आले. वही त्याच पानावर उघडी होती. मी लाल अक्षरांच्या खाली निळ्या पेनानं लिहिलं आणि वही काकांपुढे सरकवली. मी लिहिलं होतं, "वरील नोंद चुकीची आहे. गुरुवारी दुपारी तीन ते सहा ऑपरेटरने सर्व रीडिंग घेतली व नोंदवली होती. प्रोग्राममधील दोषामुळे ती नष्ट झाली." खाली माझी सही. भाषा मला चांगली जमली असं वाटत होतं.

काकांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"दोष कोनाचा?" त्यांनी विचारलं.

"प्रोग्रामचा," मी म्हणाले.

"तो कोनी लिवलाय?"

"मी."

"मग तसं लिव ना."

आठ-नऊ माणसं उभी होती. रिॲक्टरचा पंखा फिरत होता. मला राग आला, खरं सांगते. साहेबांपुढे मी स्वतः जाऊन उभी राहिले होते, निडीला गेले होते, वहीत लिहिलं होतं, आणखी काय हवं? राग आला आणि त्याच्या तळाशी मला दिसलं की आदल्या दिवसापासून मी सगळ्यांना मेमरीबद्दल सांगत होते, खेपेबद्दल, प्लगबद्दल सांगत होते. एकालाही मी असं म्हटलं नव्हतं की माझं चुकलं.

मी पेन घेतलं. शेवटच्या वाक्यावर रेघ मारली आणि लिहिलं, "ती मी गमावली." पुन्हा सही केली.

"आता वाच," काका म्हणाले. "त्या दिवशी मोठ्यानं बोललीस."

मी वाचलं. सगळं वाचलं, लाल शाईतलंही, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. काकांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, मापाच्या काट्याकडे वाकून बघितलं आणि माझ्या सहीखाली तीनचं रीडिंग लिहिलं.